संगणकाचा राखणदार



आपल्या कोकणात प्रत्येक बागेला एक राखणदार मानतात. सारे सुरळीत असते तोवर त्याचे नाव कोणी काढीत नाही. विपरीत घडले की गाऱ्हाणे घालावयास मात्र तोच आठवतो. बँकेतला किंवा रेल्वेच्या आरक्षण-खिडकीमागचा संगणक ज्याच्या भरवशावर चालतो, त्या माणसाची गत काहीशी अशीच आहे. त्याला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. या धंद्यात शिरावयाचे तर काय शिकावे, असे कणकवलीची मुले मला विचारतात.

हा धंदा यंत्र चालते ठेवण्याचा आहे. लिनक्स ही प्रणाली 1991 साली निघाली. ती फुकट मिळते आणि पुष्कळसे सर्व्हर तिच्यावरच चालतात. घरच्या जुन्या संगणकावर ती बसवावी, बिघडवावी, पुन्हा बसवावी. एका यंत्राचा निरोप दुसऱ्याकडे कसा जातो हे समजून घ्यावे. यंत्राने दाखविलेली इंग्रजी तक्रार न घाबरता शेवटपर्यंत वाचावी. एवढे पदवीवाचूनही साधते.

अवघड भाग पुढेच आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री काम करणाऱ्या एका अभियंत्याने दोनपैकी भलत्याच यंत्रावरची माहिती पुसली. क्षणात त्याच्या ध्यानात आले. पण तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचारच उरली होती. माहिती जपण्याचे पाच मार्ग योजलेले होते, ऐन वेळी एकही धड उपयोगी पडला नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली, तिने निभावले. तेव्हा बॅकअप नुसता घेऊन भागत नाही. तो अधूनमधून परत उतरवून पाहावा लागतो. कंपनीने सारा प्रकार उघड मांडला आणि दोष पद्धतीत शोधला, हे आम्हां संघटनेच्या माणसांना विशेष वाटते. एरवी शेवटचा हात ज्याचा, गुन्हेगार तोच!

दुसरे उदाहरण पुण्याचे. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. 13 तारखेचा परदेशी व्यवहार धरून रक्कम 94 कोटींवर गेली. पैसे देण्यास होकार भरत होती ती चोरांनी घुसविलेली बनावट यंत्रणा. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवीत असते. त्या नोंदी रोज वाचणाऱ्यालाच नेहमीचे कोणते आणि निराळे कोणते हे कळते. चोर मात्र सुट्टी पाहून येतो.

म्हणूनच नोकरी धरताना पगाराबरोबर आणखी काही विचारावे. रात्री फोन आला तर तो वेळ कामाचा धरणार काय? पाळी किती जणांत वाटलेली आहे? बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 साली यंत्रीकरणाबाबत करार केला, तो यंत्रापुढे बसणाऱ्यांसाठी. यंत्रामागचा माणूस आज पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराचा असतो, आणि त्याच्या जागरणाचा हिशेब कोणत्याच हजेरीपटावर नसतो. नेमणुकीच्या पत्रात हे लिहून मागावे, आणि जोडीला दुसरा माणूसही मागावा.