घराबाहेरील सुरक्षा कॅमेरा

घराबाहेरील सुरक्षा कॅमेरा म्हणजे घराचे फाटक, अंगण, पडवी, कुंपण किंवा गाडी उभी करण्याची जागा यांचे चित्रण करण्यासाठी उघड्यावर बसवलेला कॅमेरा होय. बोलीभाषेत त्याला 'सीसीटीव्ही' म्हणतात. मूळ संज्ञा बंद परिपथातील दूरचित्रवाणीची असली, तरी आता इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांनाही तीच लावली जाते. अशा कॅमेऱ्याची उपयुक्तता किमतीपेक्षा चार बाबींवर ठरते : तो कोठे व कोणत्या कोनात बसवला आहे, स्थानिक हवामानात तो किती टिकतो, वीज गेल्यावर तो चालू राहतो का, आणि त्याने दिलेली सूचना पाहून घटनास्थळी पोहोचू शकेल असे कोणी जवळ आहे का. महाराष्ट्राच्या रायगड किनाऱ्यावर, विशेषतः रेवस-मांडवा परिसरात, या चारही बाबी एकाच वेळी कसोटीला लागतात.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती

रेवस हे अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले गाव व बंदर आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येथे लाँच येते, तर खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा आहे. रेवसपासून पुढे मांडवा, सासवणे, आवास, किहीम या गावांत कोळी व आगरी वस्त्यांच्या शेजारी, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये, मुंबईकरांची सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यावर वाहनासह येणे सोपे झाले.

अशी घरे आठवड्यातील बहुतेक दिवस बंद असतात. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा ही लाँचसेवा पावसाळ्यात बंद राहत असल्याने त्या काळात मालकांची ये-जा आणखी कमी होते. कॅमेऱ्याला सर्वाधिक देखभाल लागते तीही याच महिन्यांत. त्यामुळे येथील कॅमेरा हा मुख्यतः दूर असलेल्या मालकाचा डोळा ठरतो, आणि तो बिघडल्याचे अनेकदा घटना घडून गेल्यावरच लक्षात येते.

इतिहास

१९४२ मध्ये जर्मनीतील पेनेम्युंडे येथे क्षेपणास्त्रांच्या चाचण्या सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी अभियंता वॉल्टर ब्रुख यांनी बंद परिपथाची यंत्रणा उभारली. घरासाठी अशा यंत्रणेची कल्पना मांडण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांना दिले जाते. त्यांनी व त्यांचे पती आल्बर्ट ब्राउन यांनी १९६६ मध्ये अर्ज केला व १९६९ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. दारावरील कॅमेरा, घरातील पडदा, बाहेरच्या व्यक्तीशी बोलण्याची सोय आणि दुरून दार उघडण्याची कळ हे घटक त्यात होते. आजच्या कॅमेरायुक्त दारघंटीत तेच घटक दिसतात.

प्रकार

आकारानुसार लांबट 'बुलेट', घुमटाकार 'डोम' आणि चेंडूसारखा 'टरेट' हे प्रकार प्रचलित आहेत. डोमच्या पारदर्शक आवरणावर पाण्याचे थेंब व खारट थर साचला की रात्री कॅमेऱ्याचाच अवरक्त प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन चित्र धूसर होते. म्हणून समुद्राजवळ उघड्यावर बुलेट किंवा टरेट प्रकार सोयीचा ठरतो.

जोडणीनुसार तारेचे, वाय-फायचे आणि मोबाइल सिमकार्डावर चालणारे असे भेद होतात. तारेच्या आधुनिक यंत्रणेत एकाच नेटवर्क केबलमधून वीज व चित्र दोन्ही वाहून नेले जातात. अशा केबलची कमाल लांबी साधारण १०० मीटर असते. चित्र घरातील मुद्रकात, म्हणजे एनव्हीआरमध्ये, साठवले जाते. वाय-फायचा कॅमेरा बसवण्यास सोपा असला, तरी चिरेबंदी जाड भिंतींतून संकेत क्षीण होतो. सौर पट्टीवर चालणारा सिमकार्डाचा कॅमेरा वाडीच्या टोकाच्या फाटकासाठी उपयोगी असतो, मात्र पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांत त्याची बॅटरी पुरेशी भरत नाही.

निवडीचे निकष

सुस्पष्टता : केवळ मेगापिक्सेलच्या आकड्यावरून चेहरा ओळखता येईल की नाही हे कळत नाही. दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला किती पिक्सेल येतात, हे महत्त्वाचे असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कोणी तरी आहे एवढे कळण्यास मीटरमागे सुमारे २५ पिक्सेल, परिचित व्यक्ती ओळखण्यास १२५ आणि अनोळखी व्यक्तीची खात्रीने ओळख पटण्यास २५० पिक्सेल अपेक्षित आहेत. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १,९२० पिक्सेल रुंद असते. त्याला २५० ने भागल्यास ७.६८ मीटर येतात. दृश्य याहून रुंद असेल तर अनोळखी चेहऱ्याची खात्री देता येत नाही. भिंगाचा आडवा कोन ९० अंश असल्यास दृश्याची रुंदी अंतराच्या दुप्पट होते, म्हणजे ही मर्यादा कॅमेऱ्यापासून ४ मीटरांच्या आतच येते. त्यामुळे संपूर्ण अंगण दाखवणारा एक कॅमेरा आणि फाटकावर रोखलेला अरुंद कोनाचा दुसरा कॅमेरा, अशी विभागणी केली जाते.

रात्रीचे चित्रण : ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांची अंधुक लाल झाक डोळ्यांना दिसते. ९४० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, परंतु त्याचा पल्ला कमी असतो. वेष्टनावर दिलेला पल्ला कोरड्या, स्वच्छ हवेतील असतो, मुसळधार पावसात तो बराच घटतो.

आवरण : 'आयपी ६६' दर्जाचे आवरण धुळीपासून पूर्ण आणि पाण्याच्या जोरदार झोतापासून संरक्षण देते. 'आयपी ६७' दर्जाचे आवरण एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते. यांपैकी कोणताही दर्जा क्षाराने होणाऱ्या गंजाबद्दल काही सांगत नाही. किनाऱ्यावर खरेदी करताना ही बाब अनेकदा नजरेआड होते.

साठवण : एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट असल्यास दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे चित्रण ठेवण्यासाठी सुमारे २.६ टेराबाइट क्षमता हवी. जागा संपल्यावर जुन्या चित्रणावर नवे मुद्रित होते. महिन्यातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या घरात सात दिवसांची साठवण अपुरी ठरते.

जागा व उंची

जमिनीपासून सुमारे अडीच ते तीन मीटर ही उंची सामान्यतः योग्य मानली जाते. त्याहून खाली कॅमेरा सहज हाताला लागतो. फार वर बसवल्यास केवळ डोके दिसते, आणि पावसाळ्यात तर फक्त छत्री. अलिबाग तालुक्याचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने समुद्राकडे रोखलेल्या भिंगात मावळतीचा सूर्य थेट येतो. अशा ठिकाणी उजेड व सावली दोन्ही सांभाळणारी सोय असलेला कॅमेरा निवडतात किंवा तो उत्तर-दक्षिण दिशेला वळवतात. वाऱ्याने डोलणाऱ्या झावळ्या दृश्यात असल्यास हालचालीच्या खोट्या सूचना सतत येतात आणि काही दिवसांत मालक त्या बंद करून टाकतो. म्हणून दृश्याचा तेवढा भाग सूचनेतून वगळणे किंवा केवळ मनुष्याकृती ओळखणारी प्रणाली वापरणे हिताचे असते.

खारी हवा, पाऊस आणि वीज

समुद्री हवेतील क्षार ओलावा धरून ठेवतात आणि लोखंडी स्क्रू, जोडणीच्या पिना व ॲल्युमिनियमचे भाग गंजवतात. साध्या लोखंडी बैठकीऐवजी मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीचे गंजरोधक पोलाद अधिक टिकते. बिघाड बहुधा कॅमेऱ्याच्या डोळ्यात न होता केबलच्या जोडात होतो. त्यामुळे जोड बंद पेटीत ठेवतात, आणि भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खालच्या बाजूस झोल देतात, म्हणजे पाणी आत न जाता तेथून ठिबकते. अवरक्त दिव्यांकडे कीटक येतात, त्यांच्यामागे कोळी व पाली येतात. भिंगासमोरचे जाळे रात्री पांढऱ्या पडद्यासारखे दिसते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. झाडे व विजेचे खांब उन्मळून पडले आणि अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित राहिला. घर सर्वांत असुरक्षित असते तेव्हाच कॅमेरा बंद पडू शकतो, हे अशा आपत्तीत स्पष्ट होते. चार कॅमेरे, मुद्रक व राउटर मिळून सुमारे ४५ वॉट वीज लागते असे धरल्यास, १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास क्षमतेची इन्व्हर्टर बॅटरी इतर भार नसताना साधारण २० ते २४ तास पुरते. त्यापुढे सौर पट्टी किंवा जनित्र लागते. इंटरनेटची तार तुटल्यास दूरवर चित्र पोहोचत नाही, म्हणून केवळ क्लाउडवर अवलंबून न राहता घरातही साठवण ठेवतात. मुद्रक मात्र सहज नजरेस पडणार नाही अशा जागी असावा लागतो, कारण तोच चोरीस गेल्यास पुरावाही जातो.

परिणामकारकता व मर्यादा

एरिक पिझा, ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन व अमांडा थॉमस यांनी २०१९ मध्ये चाळीस वर्षांतील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्ह्यांत सरासरी सुमारे १३ टक्के घट आढळली. वाहनतळांवर परिणाम सर्वाधिक होता, आणि पडद्यावर सक्रिय लक्ष ठेवणारी माणसे असलेल्या यंत्रणांचे परिणाम अधिक चांगले होते. हा अभ्यास मुख्यतः सार्वजनिक जागांचा असल्याने त्याचे निष्कर्ष खासगी घराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि, कॅमेरा स्वतः कोणाला अडवत नाही, तो पाहून हालचाल करणारा माणूस हवा, एवढे त्यातून सूचित होते. मुंबईत भ्रमणध्वनीवर सूचना पाहणाऱ्या मालकाला रेवसला पोहोचण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून घर सांभाळणारी व्यक्ती, शेजारी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक हे यंत्रणेचेच भाग मानले जातात. मजबूत कडी-कुलूप व अंगणातील दिवा यांना कॅमेरा पर्याय नाही.

शेजाऱ्यांचा खासगीपणा

किनारी गावांत घरे जवळजवळ असतात. एका घराच्या कॅमेऱ्यात शेजारचे अंगण, सामाईक विहीर, मासळी सुकवण्याची जागा किंवा किनाऱ्याकडे जाणारी पायवाट सहज येते. मालक स्वतः घरात नसला, तरी त्याचा कॅमेरा तेथे वर्षभर राहणाऱ्यांना टिपत राहतो. त्यामुळे कॅमेऱ्यावरून वाद होण्याची शक्यता असते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ई नुसार संमतीविना व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे किंवा ते प्रसारित करणे गुन्हा आहे. स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून निरीक्षण किंवा चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली दंडनीय आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून वैयक्तिक वा घरगुती कारणासाठीचा वापर वगळला आहे. युरोपीय न्यायालयाने मात्र ११ डिसेंबर २०१४ रोजी, झेक प्रजासत्ताकातील एका घराच्या प्रकरणात, सार्वजनिक रस्ता टिपणारा घरगुती कॅमेरा निव्वळ घरगुती वापर ठरत नाही असा निर्णय दिला.

व्यवहारात कॅमेऱ्याचा कोन आपल्या हद्दीपुरता ठेवणे, शेजारचा भाग 'प्रायव्हसी मास्क' या सोयीने झाकणे, गरज नसल्यास आवाजाचे मुद्रण बंद ठेवणे, मराठीत सूचनाफलक लावणे आणि बसवण्यापूर्वी शेजाऱ्यांना प्रत्यक्ष दृश्य दाखवणे हे उपाय केले जातात. ज्यांच्या भरवशावर बंद घर राहते त्यांचा विश्वास गमावल्यास सुरक्षाच कमी होते.

चित्रणाचा पुरावा म्हणून वापर

जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या खटल्यात निवडणूक कार्यालयातील चित्रफिती पुरावा म्हणून सादर झाल्या होत्या. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरण सादर न करता प्रत दिल्यास पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्रात संगणकीय नोंदीचे 'हॅश' मूल्यही द्यावे लागते. म्हणून घटना घडल्यास चित्रण पुसले जाण्यापूर्वी मुद्रण थांबवणे, संपूर्ण मूळ फाइल जतन करणे आणि उपकरणातील घड्याळ अचूक असणे महत्त्वाचे ठरते. समाजमाध्यमावर पाठवलेली संक्षिप्त चित्रफीत मूळ नोंदीची जागा घेत नाही.

संगणकीय सुरक्षा

२०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व मुद्रक ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी इंटरनेट सेवांवर हल्ले केले. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना ठरावीक सुरक्षा चाचण्यांची अट लागू झाली आहे. वापरकर्त्याने पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलणे, प्रणाली अद्ययावत ठेवणे आणि बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाचे खाते नंतर काढून टाकणे आवश्यक असते.

देखभाल

मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी, जोड, बैठक व बॅटरी तपासली जाते. पावसाळ्यानंतर भिंग गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसतात. क्षार कोरड्या कापडाने घासल्यास भिंगावर ओरखडे पडतात. महिन्यातून एकदा मागील आठवड्याचे रात्रीचे चित्रण प्रत्यक्ष उघडून पाहिल्यास मुद्रण खरोखर होत आहे का, हे कळते. थेट चित्र दिसत असतानाही साठवण बंद पडलेली असू शकते.

हेही पहा

रेवस
मांडवा
भाऊचा धक्का
निसर्ग चक्रीवादळ
खासगीपणाचा हक्क