दुःख आणि दुःखनिरोध : रोहिणीचं एक पाणी

अष्टांगिक मार्ग आज सुरू करायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका धान उत्पादकाचं पत्र आलंय. ते विचारतात, ‘तृष्णा हे दुःखाचं मूळ, हे पटलं. पण धान निसवायला आलाय, बांधी कोरडी पडलीय, आणि मी पाणी मागतो. ही तृष्णा कशी?’

याचं उत्तर रोहिणी नदीवर मिळतं. धम्मपदाच्या अट्ठकथेत गोष्ट आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये नदी, तिच्यावर एकच बांध, दोन्हीकडची शेती त्याच्याच भरवशावर. ज्येष्ठात पिकांनी माना टाकल्या. कोलियांचे मजूर म्हणाले, ‘पाणी वाटून घेतलं तर कुणालाच पुरणार नाही. आमचं पीक एका पाण्यात येईल, ते आम्हाला घेऊ द्या.’ शाक्यांचे मजूर म्हणाले, ‘आमचंही एकाच पाण्यात येईल. तुमची कोठारं भरल्यावर आम्ही टोपल्या घेऊन तुमच्या दारी यायचं का?’ शब्दाला शब्द लागला, हात उठला, मग एकमेकांच्या राजकुळांचा उद्धार झाला. बातमी वर गेली आणि दोन्हीकडचे राजे शस्त्रं घेऊन नदीवर आले.

बुद्धांनी येऊन विचारलं, भांडण कशाचं? राजांना सांगता येईना. त्यांनी सेनापतीला विचारलं, त्याने त्याच्या खालच्याला. असं विचारत विचारत शेवटी मजुरांपर्यंत जावं लागलं. तेव्हा कळलं : पाण्याचं!

अट्ठकथेतली ही माझी सर्वांत आवडती जागा. मजुरांना पाणी हवं होतं, ती गरज. राजे मरायला-मारायला उभे होते आणि त्यांना पाणी ठाऊकही नव्हतं. तृष्णा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी शिरली. नवेगाव बांधासारख्या तलावाखाली ज्यांनी तुडूम उघडण्यावरून रात्री जागवल्यात, त्यांना ती वेळ बरोबर ओळखता येईल. पीक बाजूला पडतं आणि ‘आम्ही’ तेवढे उरतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (1957) या ग्रंथात रोहिणीचा तंटा थेट गृहत्यागाचं कारण म्हणून मांडला. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ शाक्यसंघात युद्धाला विरोध करतो. दोन्हीकडचे दोन-दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पंच नेमा म्हणतो. ठराव पडतो. पुढे तो घर सोडून गेल्यावर शाक्य-कोलियांत समेट होतो. आता परतायला हरकत नव्हती, तरी तो परतत नाही. एक भांडण मिटलं होतं. राजा-राजांत, आई-मुलांत, भावा-भावांत चालणारं भांडण तसंच होतं. ही यादी महादुक्खक्खन्ध सुत्तातही येते, आणि तिथे तिचं कारण कामतृष्णा सांगितलं आहे.

धर्मानंद कोसंबींनी त्याआधीच ‘भगवान बुद्ध’मध्ये गृहत्यागासाठी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे बोट दाखवलं होतं. त्यात बुद्ध स्वतःचीच हकीकत सांगतात : आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांवर उठलेली माणसं पाहून मला भय वाटलं. मग त्यांच्या काळजात रुतलेला, सहजी न दिसणारा काटा दिसला. काटा उपटला की धावाधाव थांबते. दुःख, त्याचं कारण आणि त्याचा निरोध, तिन्ही इथे आली. निरोध म्हणजे पाणी सोडून देणं नव्हे, काटा काढणं.

तेव्हा पत्रलेखकांनी पाणी खुशाल मागावं. पुढच्या वेळी मार्ग नक्की. क्रमाने तिसरी असली तरी सुरुवात सम्यक वाचेपासून करीन; रोहिणीवर पाणी सुटायच्या आधी जीभ सुटली होती.