वारापूर्वीची चाहूल (लेखांक सातवा)

अ‍ॅक्शन प्लॅटफॉर्मर गेममधली उडी कशी घडवतात, हे मागच्या लेखांकात पाहिलं. ती उडी खरी पणाला लागते बॉसपुढे. बॉस फाइटबद्दल एक समज घट्ट रुजलेला आहे: जिंकणाऱ्याची बोटं विजेसारखी चालतात, आणि बॉस अवघड करायचा तर त्याचा वेग वाढवायचा. हिशेब मांडला की हा समज डळमळतो. डोळ्यांना काही दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये हे झाले १२ ते १५ फ्रेम. तेही संकेत एकच आणि बटण एकच असेल तर. उडी, डॅश की वार, अशी निवड करायची वेळ आली की आकडा वाढतो. सरावाने तो थोडा उतरतो, पण निम्मा होत नाही. मग नवखा आणि तरबेज यांच्यात दिसणारं जमीनअस्मानाचं अंतर येतं कुठून? ताशी १४० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोचतो; चांगला फलंदाज गोलंदाजाचा हात आणि मनगट पाहूनच अर्धा निर्णय घेऊन बसलेला असतो. बॉसपुढेही तेच घडतं. वार दिसल्यावर तरबेज खेळाडू हलत नाही, वाराची चाहूल लागताच तो हललेला असतो. म्हणून बॉस घडवणाऱ्याचं मुख्य काम ही चाहूल घडवण्याचं. वाराची ताकद आणि वेग हे त्यानंतरचे प्रश्न.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरीने २०१७ मध्ये काढलेल्या ‘हॉलो नाइट’मध्ये याचा जवळजवळ आदर्श नमुना सापडतो: मँटिस लॉर्ड्स. तीन सिंहासनांवर तीन बहिणी बसलेल्या असतात, त्यांतली एक खाली उतरते. तिच्याकडे वार तीनच. जमिनीलगत एका बाजूला प्रकट होऊन भाला सरसावत आडवी झेप घ्यायची. थेट डोक्यावर येऊन खाली कोसळायचं. किंवा भिंतीला चिकटून वळून परत येणारं पातं फेकायचं. प्रत्येक वाराआधी तिची जागा आणि देहाची ठेवण वेगळी असते. क्षणभर ती तशीच थांबते आणि मगच वार होतो. ती पडली की उरलेल्या दोघी एकदम उतरतात. त्यांचे वार तेच असतात, फक्त आता दोघींची चाहूल एकत्र वाचावी लागते. एकीच्या लढाईत जे शिकलं, त्याचीच दोघींपुढे परीक्षा होते. २०१८ च्या ‘गॉडमास्टर’ या जोडविस्तारात तर तिघी एकाच वेळी येतात. तिथेही वार मुळातून नवे नाहीत, तरी लढाई कितीतरी कठीण. अवघडपणा वाढवायला वेग किंवा नवलाई लागतेच असं नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

यावर आक्षेप येतो तो पाठांतराचा. चाहूल ठरलेली, उत्तर ठरलेलं, मग यात कौशल्य ते काय? काही बॉसच्या बाबतीत हा आक्षेप पूर्ण खरा आहे. कॅपकॉमच्या १९८७ च्या पहिल्या ‘मेगा मॅन’मधला यलो डेव्हिल तुकड्यातुकड्यांनी पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उडत जातो, आणि त्या तुकड्यांचा क्रम कायम तोच. तो क्रम घोकायचा, इतकंच. (खेळाडूंनी त्यावरही पळवाट काढली: थंडर बीम सोडून गेम पुन्हापुन्हा थांबवला-चालवला की एकच किरण अनेकदा लागतो. घोकंपट्टीला कॉपीने दिलेलं हे उत्तर म्हणायचं.) पण मँटिस लॉर्ड्सचे वार ठरलेले असले तरी वारांचा क्रम ठरलेला नाही. शिवाय ‘हॉलो नाइट’मध्ये जखम भरायला एका जागी जवळपास सेकंदभर उभं राहावं लागतं आणि त्यासाठी ३३ ‘सोल’ खर्च होतात. आपला एक वार लागला की ११ मिळतात, म्हणजे तीन वारांमागे एक उपचार. वार चुकवल्यावर मिळालेली फट वार करण्यात घालवायची की जखम भरण्यात, हे त्या क्षणीच ठरवावं लागतं, आणि त्याचं उत्तर आधी पाठ करून येता येत नाही. २०१७ च्याच ‘कपहेड’मधल्या दोन बेडकांच्या लढाईत ही गोष्ट गमतीने मांडली आहे. शेवटी त्यांचं एक जुगाराचं यंत्र होतं, त्याची दांडी आपणच ओढायची, आणि चक्रावर जुळणारी चित्रं कोणता हल्ला येणार ते जाहीर करतात. हल्ला दैव ठरवतं, पण त्याची सूचना दिल्यावाचून नाही. अनिश्चितता आणि अन्याय यांच्यातली रेषा मला इथे दिसते.

ही रेषा ओलांडली तर काय होतं, तेही ‘गॉडमास्टर’मध्येच पाहायला मिळतं. तिथल्या ‘रेडियंट’ प्रकारात एक स्पर्श झाला की खेळ संपला. निर्मात्याच्या दृष्टीने हा अट्टल खेळाडूंसाठी ठेवलेला मान, पण नकळत तो बॉसचीच तपासणी करतो. मँटिस लॉर्ड्ससारखे बॉस या कसोटीत उजळून निघतात: प्रत्येक मरणाचं कारण सांगता येतं. मार्कोथ या बॉसभोवती मात्र खिळे कुठेही उमटतात आणि तुमच्या रोखाने येतात. प्रत्येक खिळ्याला क्षणभराची सूचना आहे, पण तीन खिळे आणि फिरती ढाल मिळून कधी अशी कोंडी होते की वाचूनही वाट उरत नाही. एरवी एखादी जखम सोसून पुढे जाता येतं, म्हणून हा दोष झाकला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाहूल कितीही स्वच्छ असली तरी ती वाचायला शिकण्याइतका वेळ खेळाडू जिवंत तर राहिला पाहिजे ना? सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या, टीम चेरीच्याच ‘सिल्कसाँग’वर मुख्य वाद याचाच झाला. सुरुवातीला नायिकेकडे पाच मुखवटे, म्हणजे पाच जीवखुणा. तिथल्या बऱ्याच बॉसचा वार एकदम दोन मुखवटे फोडतो. पाच मुखवटे तीन वारांत संपतात, आणि मेहनतीने सहावा मिळवला तरी तेही तीन वारांतच. वाढीचा फायदा शून्य. त्यात मेल्यावर बॉसपर्यंत पुन्हा धावत जायचं. टीम चेरीने पहिल्याच दुरुस्तीत मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस किंचित सौम्य केले. पण तीन वारांत मरण हाच दोष मानला, तर ‘कपहेड’चं काय करायचं? तिथेही मुळात तीनच जीव असतात, बॉसची उरलेली ताकदही दिसत नाही, तरी अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही. फरक मरणानंतरच्या काही सेकंदांत आहे. ‘कपहेड’मध्ये मेल्यावर एका रेषेवर तुम्ही किती पल्ला गाठला ते दिसतं, कोणता टप्पा कुठे सुरू होतो त्याच्या खुणाही दिसतात, आणि एका बटणावर लढाई पुन्हा सुरू होते. बॉसला प्रत्येक लढाईत थोडंच शिकवता येत असेल, तर लढाया पटापट मिळायला हव्यात. लढाई दुर्मीळ ठेवायची असेल, तर एकेका लढाईत चुकायला जागा हवी. ‘सिल्कसाँग’ काही ठिकाणी दोन्ही नाकारतो. तिथे त्याच्या कट्टर चाहत्यांशी माझं पटत नाही.

सोप्या पर्यायांचा प्रश्नही याच मापाने तपासावा. ‘कपहेड’चा सोपा प्रकार अनेक बॉसचे काही टप्पेच गाळतो, आणि त्यात जिंकून शेवटच्या बॉसपर्यंत जाताही येत नाही. जो टप्पा शिकायचा होता, तो खेळाडूला दिसतच नाही. कॅनडातून आलेल्या २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये सहाय्य घेतलं की गेमचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. एकही उडी, एकही काटा वगळला जात नाही. वाचायला वेळ तेवढा वाढतो, आणि हवा तेव्हा वेग एकेक पायरी चढवत पुन्हा पूर्ववत करता येतो. सहाय्याने खेळाचा मान जातो असं म्हणणाऱ्यांनी या दोन पर्यायांना एकाच मापाने मोजू नये.