स्कॅनर क्लीन, म्हणून गाडी स्टॉक?

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: "स्कॅनर लावून बघितलंय साहेब, एकही एरर नाही. गाडी एकदम स्टॉक आहे." एजंट म्हणतो, विकणारा म्हणतो, आणि वाईट म्हणजे घेणाऱ्याने भरवशाने सोबत नेलेला मेकॅनिकही मान डोलावतो. वाक्याचा पहिला भाग खरा असेलही. दुसऱ्याचा, म्हणजे गाडी कंपनीतून आली तशीच (स्टॉक) असण्याचा, त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मुद्दा रिमॅपचा आहे. रिमॅप म्हणजे ईसीयूमधलं (इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या संगणकातलं) कंपनीचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब, इंधनाचं प्रमाण आणि त्याची वेळ वाढवणं-हलवणं. पोलो, व्हेंटो, लिनिया, ऑक्टाव्हियाच्या शौकिनांत हा प्रकार चांगलाच मुरलेला आहे. शौक करणाऱ्याशी माझं भांडण नाही. वर्षभर पिळून काढलेली गाडी गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्याशी आहे.

आता एरर कोड नोंदवतो कोण, ते बघा. खुद्द ईसीयू. सेन्सरकडून आलेला आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो कोड टाकतो. पण त्या मर्यादा लिहिलेल्या असतात त्याच सॉफ्टवेअरमध्ये, आणि रिमॅप करणारा दाब वाढवताना त्याही सरकवून ठेवतो. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करायचा असेल तर ईजीआरचा कोडही बंद करून टाकतो. प्रश्नपत्रिका बदलणाऱ्यानेच उत्तरतालिकाही बदलली, तर पैकीच्या पैकी मार्क पडणारच. एरर येतात ते फसलेल्या रिमॅपमध्ये. नीट केलेल्या रिमॅपमध्ये स्कॅनर क्लीनच निघतो, किंबहुना निघायलाच हवा.

ट्यूनिंग बॉक्सची तऱ्हा तर याहून सोपी. डिझेल गाडीत तो इंधनाचा दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटाच, कमी दाब कळवतो. ईसीयू बिचारा दाब वाढवत नेतो. सॉफ्टवेअरला हातच लागलेला नसतो. गिऱ्हाईक यायच्या आधी बोनेट उघडून दोन कनेक्टर काढले, मूळ जोडणी केली, की काम झालं. आता लावा स्कॅनर!

मग स्कॅनरला काहीच कळत नाही का? कळतं, पण ते एररच्या पानावर नसतं. ओबीडी, म्हणजे स्कॅनर जिथे जोडतात त्या निदान-यंत्रणेच्या 'मोड ९' मध्ये दोन गोष्टी मिळतात: कॅलिब्रेशन आयडी म्हणजे सॉफ्टवेअरचं नाव, आणि सीव्हीएन म्हणजे त्या सॉफ्टवेअरवरून काढलेली पडताळणीची संख्या. नाव तेच आणि संख्या वेगळी, तर आत कोणीतरी हात घातलाय. ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेक या प्रदूषण-तपासणीत ईसीयूचं सॉफ्टवेअर तपासतात आणि बेकायदा बदललेलं आढळलं तर गाडी नापास करतात. आपली अडचण अशी की मूळ संख्या कोणती, याची यादी ग्राहकाच्या हातात नसते. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, खात्रीची स्टॉक गाडी शोधून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवायचे. आणि मुरलेला ट्यूनर सीव्हीएनचंही सोंग वठवू शकतो, हे विसरायचं नाही.

थोडे जाणकार लोक मग फ्लॅश काउंटरकडे बोट दाखवतात: ईसीयूत किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं त्याची नोंद. "एकदा झालंय म्हणजे रिमॅपच!" अहो, थांबा. डिझेल गाड्यांच्या प्रदूषण-चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलवायचं जाहीर केलं होतं. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, तिन्ही त्यात होत्या. तेव्हा २०१३च्या व्हेंटो डिझेलमध्ये काउंटर पुढे सरकलेला दिसला, तर तो कंपनीनेच सरकवलेला असू शकतो. सर्व्हिसच्या कागदांत त्या अपडेटची नोंद आहे का, ते आधी बघा. उलट बाजूने, काही पद्धतींनी फ्लॅश केलं तर काउंटर हलतही नाही.

स्कॅनरवरचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा आकडा भलताच साधा आहे: कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले. विकणारा म्हणतो दोन वर्षांत गाडीला काही झालं नाही, आणि तिथे दिसतात अकरा किलोमीटर. म्हणजे काल-आज कोणीतरी पाटी कोरी केलीय. का, ते त्यालाच विचारा.

पण यापेक्षा मोठी गोची पुढेच आहे. ट्यूनर बहुतेक वेळा मूळ फाइल जपून ठेवतो आणि विकायच्या वेळी ती परत टाकता येते. त्यामुळे रिमॅप आज "आहे का" हा प्रश्नच अपुरा. "होता का" हे विचारायचं, आणि त्याचं उत्तर लोखंडात शोधायचं. कात्रजच्या जुन्या घाटासारख्या चढावर चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमला फुल पेडल मारा. काटा सर्रकन वर गेला आणि गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. कमी किलोमीटरच्या गाडीत असं का व्हावं? बोनेटखाली रेल प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरची लॉक क्लिप तुटलेली आहे का, जुन्या वायरिंगवर नवी कोरी टेप आहे का, ईसीयूच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का, ते टॉर्च मारून बघा. बीएस-६ डिझेल असेल तर सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काजळीने माखलं, तर डीपीएफ उडवलेला असण्याचा दाट संशय घ्यावा, आणि डीपीएफ उडवायचा तर सॉफ्टवेअर बदलावंच लागतं.

ऑटोमॅटिकवाल्यांनी जास्त जपावं. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचा टॉर्क कंपनीने २५० एनएमवर बांधून ठेवला होता, कारण तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची क्षमताच तेवढी. इंजिन याहून बरंच जास्त देऊ शकतं, आणि रिमॅपवाले ते काढतातही. बिल गिअरबॉक्स भरतो, म्हणजे पुढचा मालक.

बाकीचे गैरसमज झटपट. "बॅटरी काढून ठेवली की रिमॅप उडतो": नाही, तो फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी काढल्याने फार तर शिकलेली जुळवाजुळव पुसली जाते. "पीयूसी आहे ना!": डिझेलचा पीयूसी गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धूर मोजतो; ओबीडीला कोणी हातही लावत नाही. "रिमॅप असेल तर काळा धूर येतोच": येतो तो ढिसाळ रिमॅपमध्ये. "लिनियात तेच १.३ इंजिन ९० पीएस देतं, मग स्विफ्टमध्ये का नको": कारण ९० पीएसवाल्याला व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो होता आणि स्विफ्टच्या ७५ पीएसवाल्याला साधा, सॉफ्टवेअरने टर्बो बदलत नाही. आणि टर्बो नसलेल्या लहान पेट्रोल गाडीत "चिप टाकलीय, पिकअप बघा" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. ओबीडीत खोचायच्या स्वस्त डब्यांबद्दल तर बोलायलाच नको. फ्रान्समधल्या क्वार्क्सलॅब या सायबरसुरक्षा कंपनीने २०१७ मध्ये 'नायट्रो ओबीडी२' तपासला, तेव्हा त्याने गाडीच्या नेटवर्कवर एकही संदेश पाठवला नाही. दिवे मात्र छान लुकलुकत होते.

"सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे काही मॉडिफिकेशन नाही" असंही ठासून सांगतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये, आणि आरसीवर सीसीशेजारी अश्वशक्तीचाही रकाना असतो. २०१९च्या दुरुस्तीने नव्या रूपात आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितलंय. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला तर वाद घालायला तिला आयतं कारण मिळतं.

संशय फिटत नसेल तर ईसीयूमधली फाइल वाचून मूळ फाइलशी ताडून देणारा माणूस गाठा. काही ईसीयू वाचू देत नाहीत, तेव्हा हाही मार्ग खुंटतो. सगळं माहीत असूनही रिमॅपवाली गाडी घ्यायचीच असेल, तर मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या, रिमॅप कधी आणि कुठे केला ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या, आणि क्लचचा खर्च किमतीतून आधीच वजा करा.