तिरळा डोळा आणि मेंदूची रोवणी

‘पोट्टं मोठं झालं का डोळा आपोआप सरळ होते.’ पवनीकडच्या एका वाचकांच्या घरी दोन वर्षांच्या नातीवरून असं सांगितलं जातंय. वाट पाहावी का, असं त्यांनी विचारलं आहे. पाहू नये. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून भरकटतात, तेवढं चालतं. पुढे मात्र समोरून बॅटरी धरून बघा. दोन्ही बुबुळांत चमक एकाच जागी दिसली, तर बसक्या नाकामुळे डोळा नुसता तिरळा भासत असू शकतो. एकीकडे मधोमध आणि दुसरीकडे सरकलेली दिसली, तर नेत्रतज्ज्ञ गाठा.

घाई मेंदूसाठी आहे. १९६५ साली हार्वर्डच्या डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांच्या एका डोळ्याचा आतला स्नायू कापून तो तिरळा केला. त्याआधी पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला, तेव्हा मेंदूने त्या डोळ्याकडे पाठ फिरवली होती. चर्चा बहुतेकदा तिथेच थांबते. मला मात्र तिरळ्या डोळ्याचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो, कारण इथे कुठलाच डोळा उपाशी नव्हता. दोघांनाही लख्ख उजेड मिळत होता. तरीही दोन्ही डोळ्यांना साद देणाऱ्या पेशी सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आल्या. सरळ डोळे रोज आळीपाळीने झाकले, तरी तेच! म्हणजे नुसता उजेड पुरत नाही. एकाच वस्तूचा निरोप दोन्हीकडून एकाच वेळी पोचावा लागतो.

तोही मुदतीत. धानाचे पऱ्हे वेळेवर रोवले तर फुटवे धरतात. पाऊस लांबून ते जून झाले, की खत कितीही टाका, फुटवा कमीच. मांजरीत ही मुदत काही महिन्यांची, माणसात काही वर्षांची. दार अगदी बंद होत नाही: बालपणापासून तिरळ्या असलेल्या सुझन बॅरी या मेंदूशास्त्रज्ञ बाईंना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्यायामांनी वस्तूंची खोली दिसू लागली. पण त्यांच्या भरवशावर कोणी लेकराला थांबवू नये.

मेंदूने पाठ फिरवल्याने एक डोळा मंदावला असेल, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात. मध्यम मंदपणात रोजचे दोन तास सहा तासांइतकेच गुणकारी ठरतात, हे २००३ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. टॅब्लेटवरच्या खेळांचा सध्या फार गाजावाजा आहे. २०१६ च्या चाचणीत असा एक खेळ पट्टीपेक्षा सरस ठरला नाही. पट्टी मात्र थेट कातडीला चिकटवावी. चष्म्यावर लावली, तर पोरं वरून डोकावतात.