ईमेलची छापील प्रत आणि तिच्या कडेचा मजकूर

ईमेलने आलेले पत्र कागदावर छापून घेतले, म्हणजे मूळ मजकूर चारच ओळींचा असला तरी त्याच्या वर आणि खाली पुष्कळसा अनपेक्षित मजकूर उमटलेला दिसतो. तो सर्व काढून टाकावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तत्पूर्वी त्यातील कोणता भाग कोणी घातला, हे जाणून घेणे अवश्य आहे.

हा मजकूर मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार ब्राउझरने छापताना घातलेला. छपाईचा दिनांक, पानाचे नाव, संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता आणि पृष्ठांक यांचा त्यात समावेश होतो. तो पत्राचा भाग नव्हेच. छपाईची आज्ञा दिल्यावर जी चौकट उघडते, तीत अधिक पर्यायांखाली ‘हेडर्स अँड फूटर्स’ असा पर्याय बहुधा असतो. त्यापुढील खूण काढली, की पानाच्या कडा कोऱ्या राहतात.

दुसरा प्रकार मात्र पत्राचा स्वतःचा शीर्षलेख होय. ईमेलची रचना १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात दिलेली असून २००८ च्या सुधारित मानकातही ती कायम आहे. प्रथम शीर्षलेख, नंतर एक कोरी ओळ आणि मग मजकूर, असा तिचा क्रम आहे. शीर्षलेखात प्रेषक व दिनांक यांची नोंद असावीच लागते. शिवाय पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, तो तो सर्व्हर आपली एक ओळ सर्वांत वर जोडतो. म्हणून पत्राचा मार्ग खालून वर वाचावा लागतो. टपालाच्या पाकिटावर वाटेतील कचेऱ्यांचे शिक्के उमटावेत, तसाच हा प्रकार आहे. प्रेषकाचे नाव खोटे घालता येते. परंतु या ओळी ताडून पाहिल्या, की लबाडी पुष्कळदा उघडकीस येते.

या मार्गदर्शक ओळी नेहमीच्या वाचनात झाकलेल्या असतात. त्या छापल्या गेल्या असतील, तर पत्राचे मूळ स्वरूप दाखविणारे दृश्य बंद करून पत्रसेवेच्या स्वतःच्या छपाईच्या बटणाने प्रत काढावी. तीत प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक व विषय एवढेच सामान्यतः उरते. हे चार तपशील मात्र खोडू नयेत. शिष्यवृत्तीच्या मुदतीविषयी पुढे वाद उद्भवला, तर दिनांकावाचून असलेला कागद कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

छापील प्रत कितीही नेटकी असली, तरी झाकलेल्या ओळी तिच्यावर नसतात. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी प्रत न्यायालयात पुरावा म्हणून सादर करताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. यास्तव कागद स्वच्छ करावा. मूळ पत्र मात्र पेटीतून पुसू नये.