पंगतीचे रोडगे, पौर्णिमेची खीर

वऱ्हाडात पाहुणे जमले की रोडगे आलेच. अमरावती-अकोल्याकडे आम्ही गव्हाचे जाडसर पीठ घट्ट मळतो, लाट्यांना तेल लावून एकात एक घालतो आणि गोवऱ्यांच्या आरात भाजतो. आर मंद हवा. नाही तर वरून करपतात, आतून कच्चे राहतात. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. बुद्ध पौर्णिमेला सुजातेच्या आठवणीने तांदळाची खीर.

आमचे आजे-पणजे गावात भाकर मागून जगले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे सोडायला सांगितले. म्हणून आपल्या घामाचा रोडगा लेकरांच्या ताटात वाढताना ही हकीकतही सांगावी. आणि रांधणाऱ्या आयाबहिणींना पहिल्या पंगतीला बसवावे.